आस्गरची जागा

१

आमच्या उत्खननाच्या कामाबद्दल लोकांच्या फार सुंदर कल्पना असतात. प्रत्यक्षात निम्मा वेळ चिखल उपसण्यात जातो आणि उरलेला निम्मा चिखलाबद्दल बोलण्यात. गेडेमोसेच्या दलदलीत त्या उन्हाळ्यात आमचे दिवस असेच चालले होते. सकाळी मी आणि आस्गर घरून निघायचो, वाटेत आमच्या सहकारी रेगित्सेला तिच्या दारातून सोबत घ्यायचो, गाडी बांधावर लावून फळ्यांच्या वाटेने आत चालत जायचो. आधी पंप सुरू करायचा. खड्ड्यात झिरपलेलं पाणी ओसरेपर्यंत वॅगनमध्ये, म्हणजे आमच्या चाकांवरच्या खोलीत, कॉफी. मग गुडघ्याखाली रबरी उशी, हातात थापी, आणि दुपारपर्यंत कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही.

गेडेमोसे हे एके काळी तळं होतं. आमच्या पणजोबांच्या पिढीने चर खणून ते सुकवलं, त्यावर गुरं चारली, आणि आता सरकारला तिथे पुन्हा तळं हवं होतं. पानगळ सुरू झाली की चर बुजवणार, पाणी आपोआप चढणार. त्याआधी खाली काय आहे ते काढून घ्या, असं आमच्या छोट्या संग्रहालयाला कळवलं होतं.

खाली एका जुन्या मुक्कामाचा तळ होता. नऊ हजार वर्षांपूर्वी शिकार करत, मासे मारत, रानातलं गोळा करत हिंडणारी काही माणसं एका उन्हाळ्यात तळ्याच्या काठी उतरली होती. मध्ये त्यांची शेकोटी, भोवती चकमकीच्या दगडाच्या कपच्या, भाजलेल्या हेझलनटच्या टरफलांचा काळा थर. मग ती माणसं उठून गेली, पाणी वाढलं, दलदलीने सगळ्यावर पांघरूण घातलं. एक कपचीदेखील जागची हलली नव्हती.

"पाहुणे आत्ताच उठून गेलेत आणि आपण कपबशा आवरायला आलोय, असं वाटतं," आस्गर म्हणाला होता, पहिल्यांदा शेकोटी उघडी पडली तेव्हा.

आस्गर माझा नवरा. आम्ही दोघं एकाच संग्रहालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, केस पांढरे होईपर्यंत बसलो. तरुणपणी फेरीबोटीच्या उतारावर त्याची मोटरसायकल घसरली, तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकत नसे. बसला की डावा पाय सरळ पुढे. सिनेमात, चर्चमध्ये, लोकांच्या जेवणावळीत, सगळीकडे कुणीतरी त्या पायाला अडखळायचंच. तो दर वेळी "माफ करा" म्हणायचा आणि पाय तिथेच असायचा.

२

चकमक फोडायला माणूस बसला की कपच्या त्याच्या समोर उडतात, दोन्ही बाजूंना उडतात. तो जिथे टेकलेला असतो तिथे मात्र काहीच पडत नाही. तो उठून जातो, आणि त्याने अडवलेली जागा मागे राहते. कपच्यांच्या सड्यात रिकामा, स्वच्छ, माणसाएवढा तुकडा. हाडं सापडली की मला कधी काही वाटत नाही, पण अशी जागा सापडली की मी हात आखडून घेते. कुणाच्या तरी मांडीला लागेल असं वाटतं.

गेडेमोसेत अशा दोन जागा आधी सापडल्या. एक रुंद, एक अरुंद, शेकोटीच्या उत्तरेला शेजारी-शेजारी. रेगित्से तर नाचायलाच लागली होती. ती आमच्याकडे नवीन, तिशीतली, सतत काहीतरी गुणगुणणारी, आणि कामाला वाघीण.

तिसरी जागा आस्गरच्या हाताखाली उघडी होत गेली. आधी नुसती कमरेची गोलाई. मग उजवीकडे दुमडलेल्या गुडघ्याचा बाक. जेवणाच्या सुट्टीनंतर तो डावीकडची माती काढायला लागला, तसा एक लांब, अरुंद, सरळ पट्टा शेकोटीच्या दिशेने पुढे पुढे जात राहिला. दोन्ही बाजूंना कपच्या, मधे काही नाही. टोकाला टाच टेकल्यासारखा छोटा खळगा.

वरचा थर काढून द्यायला विलाड्स त्याचं खोदयंत्र घेऊन यायचा. अवाढव्य माणूस, आवाजही तसाच. तो खड्ड्याच्या काठावर पाव खात उभा होता.

"आस्गर, लेका, तू तर इथे आधीच बसून गेलायस की! मग आम्हाला कशाला खणायला लावलंस?"

रेगित्से खो-खो हसली. मीही हसले. "तेव्हाही कुणीतरी अडखळलं असेल त्याच्या पायाला," मी म्हणाले.

आस्गर हसला नाही. हातातली थापी त्याने हळूच बाजूला ठेवली, जणू कुणी झोपलंय.

दगड फोडताना एक पाय लांब करून बसायची पद्धत असते. हे मला माहीत होतं, पुस्तकात आहे, आमच्याकडे येणारे हौशी लोकसुद्धा तसेच बसतात. घरी जाताना गाडीत मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. माझ्या शेजारी बसलेल्या आस्गरने मान हलवली. मागून रेगित्से म्हणाली, "अगं, आम्ही कुठे काय म्हणतोय?"

३

दोन दिवसांनी तो त्यात बसला.

असं करायचं नसतं. कुणीच करत नाही. मी चाळणीपाशी होते, मान वर केली तर आस्गर त्या जागेवर बसलेला. एकही कपची न हलवता तो आत कसा गेला मला कळलं नाही; तो साधा जिना उतरायचा तर कठड्याला लटकायचा. कंबर गोलाईत बसली होती, उजवा गुडघा बाकात, डाव्या पायाची टाच खळग्यात. कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही. शिंप्याने माप घेऊन बेतावं तसं.

"आस्गर, ऊठ."

"एक मिनिट."

"अरे, रेगित्से बघेल."

"बघू दे की."

तेवढ्यात पंप बंद पडला. डिझेल संपलं की तो असा खोकून थांबायचा. दिवसभर ते धकधक कानात बसलेलं असतं, त्यामुळे एकदम थांबलं की दलदल अंगावर आल्यासारखी होते. वारा नव्हता. लव्हाळीही हलत नव्हती.

टक्.

मी मान वळवली. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्. टक्. आणि पाठोपाठ, काच सांडावी तसा बारीक किणकिणाट.

"सुतारपक्षी," रेगित्से वॅगनच्या पायरीवरून म्हणाली.

गेडेमोसेत झाडं नाहीत. चार वाकडी भूर्ज आहेत, मनगटाएवढी. पण मीही म्हणाले, "हं, सुतारपक्षी." विलाड्सने डिझेल ओतलं, पंप धकधकायला लागला, आणि आस्गर उठला. त्याला हात द्यायला मी धावले, तर तो आपला आपण उभा होता.

"दुखत नाही गं," तो म्हणाला. गुडघ्याकडे बघत होता. "तिथे बसल्यावर अजिबात दुखत नाही."

४

त्यानंतर तो रोज बसायला लागला. आधी जेवणाच्या सुट्टीत, मग कामाच्या मधेच. रेगित्सेने एक-दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता, म्हाताऱ्या माणसाचे लाड म्हणून आम्ही दोघींनी ते चालवून घेतलं.

घरी आल्यावर त्याच्या अंगाला धुराचा वास यायचा. लाकडाचा, आणि त्यात काहीतरी गोडसर, भाजलेलं. मी त्याचा स्वेटर धुवायला टाकला. तो निळा स्वेटर मीच विणलेला, कोपरावर दोनदा रफू केलेला. धुऊन वाळला तरी वास गेला नाही. बांधावर शेतकरी पालापाचोळा जाळत असतील, असं मी ठरवलं. जुलैत कुणी पालापाचोळा जाळत नाही.

"हाताला काय झालंय?" एकदा जेवताना मी विचारलं. त्याच्या डाव्या अंगठ्यावर, तर्जनीवर बारीक बारीक चिरा होत्या. काही खपली धरलेल्या, काही ताज्या.

"चाळणीवर लागलं असेल."

"चाळणीवर तू बसतोस कधी?"

तो हसला. बटाट्यावर लोणी घातलं. आणि मला कबूल केलं पाहिजे, तो फार छान दिसत होता. कितीतरी वर्षांत त्याचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. रात्री गोळी न घेता तो झोपत होता. कपाळावरची ती उभी आठी, जी मी आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दाखवू शकते, ती गेली होती. मला बरं वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

त्याने काटा खाली ठेवला. आस्गर कधी उगाच काही बोलायचा नाही, शब्द नीट हाताळून मग ठेवायचा.

"काही नाही. बसलं की काही करायचं राहून गेलंय असं वाटत नाही. कुणी काही विचारत नाही." मग काटा पुन्हा उचलत, "पाय मधे आला तरी कुणाला त्रास होत नाही. त्यांनी तेवढी जागा सोडलीय ना."

"त्यांनी?"

"बोलायची पद्धत गं."

भांडी मी विसळली, त्याने पुसली. खिडकीबाहेर दहा वाजले तरी उजेड होता, शेजारची मुलं अजून चेंडू खेळत होती. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "आणि मी कुठे बसू?"

मी थट्टेत विचारलं होतं. पण कुणी कामाचं काही विचारावं तसा तो विचारात पडला. हातातली बशी कोरडी झाली तरी पुसत राहिला.

"ते मला माहीत नाही, बोडिल," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

५

ऑगस्टच्या सुरुवातीला रेगित्से एका सकाळी माझ्यासमोर मूठ उघडून उभी राहिली. ती संतापलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"हे बघ. काल मी हा तुकडा साफ करून ठेवला होता, ब्रशने, अगदी कपची न् कपची. आज त्यावर हे पडलेलं."

तिच्या तळहातावर चकमकीच्या कपच्या होत्या. दलदलीत हजारो वर्षं पडलेली चकमक तपकिरी होते, मुरलेल्या चहासारखी. या काळ्या होत्या. ताज्या, चकचकीत, कडेला अजून पांढुरकी पूड लागलेली.

"आस्गर! तू इथे बसून दगड फोडतोस का?" ती खड्ड्याकडे वळून ओरडली. "मला हसू नकोस, मी गंभीरपणे विचारतेय. सगळी साइट बिघडेल अशाने. हे जुनं, हे नवं, कसं ओळखायचं कुणी?"

"मी नाही फोडत," आस्गर म्हणाला.

"मग कोण? विलाड्स? त्याला अंडं फोडता येत नाही धड!"

"मी नाही गं," आस्गर पुन्हा म्हणाला. शांतपणे, खरं बोलणाऱ्या माणसासारखं. पण त्याने हात खिशात घातलेले होते.

मी त्या कपच्या वॅगनमध्ये घेऊन गेले. दार लावलं. टेबलावर आधीच्या, त्याच कोपऱ्यात सापडलेल्या तपकिरी कपच्या मांडलेल्या होत्या. एका दगडातून निघालेल्या कपच्या एकमेकींना जोडून बघायच्या, हे आमचं पावसाळी दिवसांतलं काम. त्यात माझा हात बसलाय. हे का केलं ते मला सांगता येत नाही. एक काळी कपची उचलली, एका तपकिरी कपचीच्या पाठीला लावली, थोडी फिरवली.

ती बसली.

जोडलेल्या कपच्या बसतात तेव्हा बोटांना कळतं, डोळ्यांच्या आधी. फट राहत नाही. अर्धा दगड नऊ हजार वर्षांचा, अर्धा आज सकाळचा, आणि मधून केससुद्धा जाईना. मी त्या सोडवल्या, दुसरी लावली. तीही बसली.

योगायोग, मी मनाशी म्हटलं. तपकिरी रंग कधी अर्धवट चढतो. माती सगळीकडे सारखी नसते. अशी आणखी दोन कारणं मी शोधली आणि त्यांतलं एकही मला पटलं नाही. पंपाच्या धकधकीखाली कुठेतरी ती टकटक चालू आहे की काय, हे ऐकत मी तिथे बसून राहिले. मग दोन्ही रंगांच्या कपच्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, "उद्या सगळं उचलायचं. शेकोटीभोवतीची एकूण एक कपची."

रेगित्सेचा चेहरा उजळला. "अखेर!"

कपच्या उचलल्या की ती जागा उरणार नव्हती. रिकामी जागा दिसते ती भोवतालच्या कपच्यांमुळे. त्या पेट्यांत गेल्या की मागे नुसता चिखल.

६

संध्याकाळी गाडीतून रेगित्से उतरल्यावर आस्गर म्हणाला, "परवा उचलू."

"उद्या."

"एक दिवस, बोडिल. फक्त एक."

"कशासाठी?"

गाडी आमच्या दारात उभी होती, इंजिन बंद, आणि दोघंही उतरत नव्हतो.

"आस्गर, चिखल आहे तो."

"माहीत आहे मला."

"मेलेल्या माणसांनी टाकलेला कचरा आहे. आपण कचरा गोळा करतो, तूच म्हणायचास."

"म्हणायचो."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला. "तू बरोबर बोलतेयस. नेहमीसारखी."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर कदाचित रात्रभर जागलो असतो. पण त्याने माझ्या हातावर हात ठेवला. तो हात गरम होता, खरखरीत होता, एखाद्या कामकरी माणसाचा असावा तसा. नंतर तो आत गेला, हेरिंग आणि बटाटे केले, माझ्या सायकलची घसरलेली साखळी बसवून दिली. बायको जिंकल्यावर शहाणा नवरा वागतो तसाच वागला. मी निर्धास्त झोपले.

जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं आणि अंथरुणाची त्याची बाजू थंड होती. गाडी दारात नव्हती.

७

मी सायकलवरून गेले. धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. बांधावर आमची गाडी उभी होती, दार नीट लावलेलं. पंपाचा आवाज येत नव्हता.

फळ्या ओल्या होत्या. त्यांच्यावरून मी जपून चालले. स्वतःशी सांगत होते की तो माझ्या आधी येऊन कपच्या उचलायला लागला असेल. त्याला स्वतःच्या हातांनी उचलायच्या असतील, एवढंच. हे पटण्यासारखं होतं. मी त्याला हाक मारणार होते, तेवढ्यात टकटक ऐकू आली.

या वेळी ती एका जागेहून येत नव्हती. दोघं-तिघं आपापल्या लयीत ठोकत असावेत तशी. मधे कुणीतरी थांबायचं, दुसरं सुरू करायचं. किणकिणाट. आणि आवाज. बोलणं नव्हे, बोलण्याच्या आधीचं किंवा नंतरचं काहीतरी. हुंकार. जेवण झाल्यावर घरातली माणसं बसल्या बसल्या करतात तसे.

मी वॅगनच्या कोपऱ्याशी थांबले. खड्ड्यावरचं धुकं तपकिरी होतं.

पाठी दिसल्या. खाली, गोल बसलेल्या. माझ्याकडे पाठ करून बसलेल्यांत निळा स्वेटर मला आधी दिसला, कोपरावरचं रफू दिसलं, मीच केलेलं. डावा पाय सरळ पुढे, धुक्यात नाहीसा झालेला. त्याच्या उजव्या अंगाला इतर होते. कोण, कसे, ते मला सांगता येणार नाही. एक रुंद होता. रुंद पाठ जरा सरकली, आस्गरला ऐसपैस व्हावं म्हणून, बाकावर शेजारी सरकतो तशी. इतकं साधं होतं ते.

"आस्गर!"

टकटक थांबली.

आस्गरने मागे पाहिलं नाही. त्याच्या शेजारच्याने पाहिलं. चेहरा माझ्या डोळ्यांसमोर राहिलेला नाही. मी कितीदा आठवायचा प्रयत्न केलाय. नजर राहिलीय. तिच्यात राग नव्हता, काही वाईट नव्हतं. घरची माणसं शेकत बसलेली असावीत आणि दारात अनोळखी कुणी येऊन उभं राहावं, तेव्हा आतलं माणूस बघतं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. कोण आहेस, काय हवंय.

माझा पाय फळीवरून घसरला. गुडघ्यावर पडले, उठले, शिडी उतरले. आस्गर त्याच्या जागी बसला होता. एकटा. हात मांडीवर, डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. खड्ड्यात घोट्याएवढं पाणी यायला हवं होतं, पंप बंद होता. त्याच्याभोवतीची जमीन कोरडी होती.

मी त्याच्या गालाला हात लावला. मान, कान, उजवा गाल, सगळं गार, दलदलीसारखं गार. चेहऱ्याची शेकोटीकडची बाजू ऊन होती.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनाही ते जाणवलं. त्यांनी बोटं मागे घेतली, दुसऱ्या गालाला लावली, पुन्हा पहिल्याला. वयस्कर होते, आस्गरबरोबर पत्ते खेळायचे.

"हृदय," ते म्हणाले. "काही कळलंसुद्धा नसेल त्याला. दोनेक तास झाले असतील." मग माझ्याकडे न बघता, "ऊन आलं असेल या बाजूने."

"हो," मी म्हणाले. आम्ही दोघं धुक्यात उभे होतो.

८

कपच्या त्यांनी उचलल्या, रेगित्से आणि संग्रहालयातून पाठवलेल्या दोन मुलींनी. मी नव्हते. आस्गरच्या अंत्यविधीला मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसले होते आणि बाकाखाली माझे दोन्ही पाय नीट मावत होते. विलाड्स काळ्या कोटात घामाघूम होऊन आला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तो विनोद मी करायला नको होता, बोडिल. तेव्हापासून झोप नाही मला." मी त्याला म्हटलं, वेड्या, त्यात काय. त्याला रडू आलं, मला आलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी चर बुजवायचं ठरलं. काम जवळजवळ आटपलं होतं. एक पट्टा तेवढा राहिला होता, शेकोटीच्या पूर्वेला, आस्गरच्या जागेला लागून. त्यावर आमची शिडी टेकलेली असायची, म्हणून तो शेवटी ठेवला होता. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, तू घरी राहा, ते काही फार महत्त्वाचं नाही. मी म्हटलं, मी येतेय.

स्वच्छ, थंड दिवस होता. रानहंसांचे थवे दक्षिणेकडे निघालेले. रेगित्सेने शिडी हलवली, माझी रबरी उशी झटकून दिली आणि स्वतः पलीकडच्या टोकाला बसली. त्या दिवशी ती गुणगुणत नव्हती.

मी काय शोधतेय हे मला ठाऊक होतं. मोठ्याने कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आले की हवं ते सापडावं म्हणून खणायचं नसतं.

थापी ठेवून मी बोटांनी माती काढायला लागले. ती ओली, थंड, पापुद्र्यापापुद्र्याने निघत होती. आस्गरच्या बाजूने सुरुवात केली. मी तिथे बसले असते तर आस्गरचा डावा खांदा माझ्या उजव्या खांद्याला लागला असता, घरी सोफ्यावर लागायचा तसा. पहिली कपची लागली. ठीक आहे, कडेला एखादी असणारच. मग दुसरी. मी थोडी पुढे सरकले, तिथे मोकळं असेल म्हणून. तिथे तीन होत्या, एकमेकींवर चढलेल्या. आणखी पुढे. कपच्या, कपच्यांखाली कपच्या. मी हात भराभरा चालवायला लागले, तरुण मुलांना ज्यासाठी ओरडते तसे. बोटं कापली, लक्ष दिलं नाही. शेकोटीच्या काठापर्यंत गेले, उलट दिशेला गेले, खड्ड्याच्या भिंतीपर्यंत. अंग चोरून, पाय पोटाशी घेऊन बसण्यापुरतंही कुठे काही सोडलेलं नव्हतं.

रेगित्से माझ्यामागे येऊन उभी राहिलेली मला कळलं नाही.

"अगं देवा," ती म्हणाली. "बोडिल! काय दाट थर आहे हा! सगळ्या तळावर एवढ्या कुठेच नव्हत्या!" तिला राहवेना, ती गुडघ्यांवर बसली, माझ्या खांद्याला धरून हलवलं. "बघ ना, हात टेकवायलासुद्धा जागा नाहीये!"

"नाही," मी म्हणाले.

"आस्गर असता तर..." तिने डोळे पुसले, पण चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता येत नव्हता, आणि तिने लपवावा असं मलाही वाटलं नाही. इतकं चांगलं माणसाला क्वचित सापडतं. "फोटो काढू? ऊन आहे तोवर?"

"काढ."

ती शिडीवर चढली, कॅमेरा डोळ्याला लावला, थोडी मागे रेलली, मग कॅमेरा खाली घेतला.

"बोडिल, जरा बाजूला होतेस? तू मधे येतेयस."

मी बाजूला झाले.